साडेचारचा झेंडा

कवळीकाका हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण सकाळी मैदानावर धावायला येणाऱ्या मंडळींत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारलेली कोणी ऐकली नसेल. धंदाच तो होता. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली, खिडकीखाली टेबल, टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाखाली पेशंटचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. मेणात एकेक दात बसवायचा, वरचा जबडा खालच्यावर मिटवून बघायचा, केसाएवढा उंच वाटला तर घासायचा. तीस वर्षं हेच. घरी पाहुणा जेवायला बसला तरी तो कुठल्या बाजूनं चावतो याकडे काकांचं लक्ष. बायको म्हणायची, "त्यांच्या तोंडाकडे असं टक लावून बघू नका हो, बिचारे घास गिळायचे विसरतात."

धावायला लागले ते चाळिशीत, पाठ दुखते म्हणून. पुढे पाठ राहिली बाजूला आणि धावणंच मानगुटीवर बसलं. फार वेगानं ते कधीच धावले नाहीत. पण भल्याभल्यांना जमत नाही असं एक त्यांना जमायचं: पहिल्या किलोमीटरला जेवढा वेळ लागला, तेवढाच बेचाळिसाव्याला. हे बघूनच शहरातल्या मॅरेथॉनच्या आयोजकांनी त्यांना पेसर केलं. पेसर म्हणजे त्या दिवशी स्वतःसाठी न धावणारा माणूस. पाठीला छोटा झेंडा बांधायचा, झेंड्यावर वेळ लिहिलेली, आणि बरोबर तेवढ्या वेळात शेवटची रेषा गाठायची. ज्याला त्या वेळात पोचायचं असेल त्यानं बाकी काही न बघता झेंड्यामागे धावावं. काकांनी आठ वर्षं सव्वाचार तासांचा झेंडा वाहिला. किती माणसं त्यांच्यामागून आयुष्यात पहिल्यांदा सव्वाचारच्या आत आली आणि रस्त्यातच त्यांच्या गळ्यात पडून रडली, याचा हिशोब कोणी ठेवला नाही.

नवव्या वर्षी पेसरांच्या बैठकीत आयोजकबाई म्हणाल्या, "काका, यंदा तुम्ही साडेचारचा गट घ्या. सव्वाचार आपल्या जिमवाल्याला देऊ या."

जिमवाला म्हणजे व्यायामशाळेत शिकवणारा अठ्ठावीस वर्षांचा तरुण. मनानं वाईट नव्हता, पण जीभ सैल. तो म्हणाला, "काका, तुम्ही या मागून आरामात. आम्ही पाणी संपवणार नाही, तुमच्यासाठी ठेवू."

सगळे हसले. काकाही हसले. हसता हसता त्यांनी साडेचारचा झेंडा घडी घालून पिशवीत टाकला आणि सरळ घरची वाट धरली. चोपन्नावं लागलं होतं, बाईंचं काही चुकलं नव्हतं. पण पटणं वेगळं आणि पचणं वेगळं.

शर्यतीच्या सकाळी हवा इतकी छान गार होती की धावणाऱ्यांना दुसरं काही मागावंसं वाटू नये. साडेचारच्या झेंड्याभोवती तेवीस जण जमले. त्यांत वाचनालयातल्या बाई होत्या. सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसणाऱ्या, एकोणपन्नास वर्षांच्या, चष्म्याला मागून नाडी बांधलेल्या. आधी दोनदा धावल्या होत्या, एकदा चार तास एक्केचाळीस मिनिटं, एकदा छत्तीस. दर रविवारी मैदानावर काकांशी दोन शब्द बोलायच्या. एकदा सहज म्हणाल्या होत्या, "आजवर माझं सगळं दुसऱ्यांनी ठरवलं काका. शाळा, नोकरी, लग्न, सगळं. साडेचार हा आकडा मात्र माझा मी ठरवलाय."

त्या सकाळी त्यांनी हातातलं घड्याळ काढून खिशात टाकलं. "मी आज घड्याळ बघणार नाही. ते तुम्ही बघा. मी नुसते पाय बघते."

"बिनधास्त या," काका म्हणाले.

बंदुकीचा बार झाला. पहिले दोन किलोमीटर काका ठरल्याप्रमाणे धावले, सहा मिनिटं चोवीस सेकंदांना एक. तिसऱ्या वळणावर रस्ता सरळ झाला आणि पुढे, दोनशे पावलांवर, सव्वाचारचा झेंडा दिसला. जिमवाल्याच्या रुंद पाठीवर तो ऐटीत फडफडत होता. तो आता हळूहळू लांब जाणार, मग दिसेनासा होणार. तसंच व्हायला हवं होतं, मागच्या गटानं मागेच राहायचं असतं. पण काकांचे पाय काही ऐकेनात. खरं म्हणजे पायांना बोल लावण्यात अर्थ नाही, काकांनाच तो झेंडा नजरेआड होऊ द्यायचा नव्हता. फार नाही, दिसत राहील एवढंच अंतर ठेवायचं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. छातीत दम भरपूर होता. मागून तेवीस जणांच्या पावलांचा आवाज येत होता, आणि तो आवाजही काकांना बरा वाटत होता.

बाराव्या किलोमीटरला गटातला एक चष्मेवाला तरुण धापा टाकत बरोबरीला आला. "काका, जरा जोरात नाही का चाललंय? माझं घड्याळ सहा-पाच दाखवतंय."

काकांना तेव्हाच थांबता आलं असतं. "हो रे, चुकलंच," एवढं म्हणून वेग कमी केला असता तर कोणाचंच फारसं बिघडलं नसतं. पण ते म्हणाले, "पुढे चढ आहे ना. तिथे वेळ जातो. म्हणून आत्ताच थोडा हाताशी ठेवतोय."

पुढे चढ होता, पण तो एका पुलाचा, पोरासोरांनीही हसावं एवढा. त्या तरुणानं मान डोलावली. मागून बाई म्हणाल्या, "काका सांगतात ना, मग झालं."

अर्धं अंतर झालं तेव्हा काकांच्या घड्याळात दोन तास आठ मिनिटं चाळीस सेकंद झाले होते. असायला हवे होते दोन तास पंधरा मिनिटं. सहा मिनिटांहून जास्त पुढे. आणि समोर सव्वाचारचा झेंडा अजून दिसत होता. आता मात्र काका भानावर आले. झेंड्यावर साडेचार लिहिलंय, पोचायचं साडेचारलाच. मग त्यांनी वेग कमी केला. थोडा थोडा करत इतका कमी केला की शेवटी हिशोब जुळावा.

पण माणसाच्या शरीराला असा हिशोब जुळवता येत नाही. आधी ताण खाल्लेले पाय नंतर हळू चालवून माफ करत नाहीत. अठ्ठाविसाव्या किलोमीटरपासून मागचे पावलांचे आवाज कमी होऊ लागले. तिसाव्याला काकांनी वळून बघितलं तर नऊ जण उरले होते. तेहतिसाव्याला बाईंच्या पोटरीत गोळा आला आणि त्या फुटपाथच्या कडेवर मटकन बसल्या. काका थबकले.

"जा, जा तुम्ही!" बाई ओरडल्या. "माझ्यापायी बाकीच्यांची वेळ चुकवू नका!"

पेसरनं थांबायचं नसतं हा नियमच आहे. काका गेले. मागे वळून बघायचा त्यांना धीर झाला नाही.

चार तास एकोणतीस मिनिटं चाळीस सेकंद. तेवीस जणांतले दोघे बरोबर होते, आणि ते दोघे असे दमदार गडी की सव्वाचारलाही सहज आले असते. बाई चालत चालत पाच तास सात मिनिटांनी पोचल्या. काका रेषेजवळ उभे होते. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही तुमचं काम अगदी चोख केलंत काका. माझ्यातच दम नाही, दुसरं काय."

काका म्हणाले, "पाणी घ्या." एवढंच सुचलं.

वर आयोजकांनी सगळ्यांत अचूक वेळेचा पेसर म्हणून काकांना प्रमाणपत्र दिलं. वीस सेकंदांचाच फरक! जिमवाल्यानं सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. बायकोनं ते काच लावून घेतलं आणि काकांच्या कामाच्या खोलीत, टेबलाच्या बरोबर समोर टांगलं. दिवसभर मान वर केली की तेच.

पंधरा दिवसांनी लेक घरी आली. दुसऱ्या गावी नोकरीला असते, आली की बापाच्या घड्याळातली नोंद संगणकावर काढून तिचा आलेख छापून देते. आलेख बघून तिनं विचारलं, "बाबा, हे काय? अर्ध्यापर्यंत इतके वर आणि मग एकदम खाली? तुमची रेघ तर पट्टीनं काढल्यासारखी असते."

"वारा होता," काका म्हणाले.

"पाठीमागून?"

लेकीनं बापाकडे एकदा बघितलं आणि संगणक मिटला. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं काकांना नंतर कितीदा तरी वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी बाई मैदानावर आल्या नाहीत. त्यापुढच्याही नाहीत. दोन महिन्यांनी त्यांच्याबरोबर येणाऱ्या एका शिक्षिकेनं सांगितलं, "त्यांनी सोडलं हो. म्हणाल्या, शरीरानं साथ सोडली, आता उगाच हट्ट कशाला. शूजसुद्धा भाचीला देऊन टाकले."

काकांना कोणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. सांगून टाकायचं, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. संध्याकाळी ते वाचनालयात गेले. बाई खिडकीवर होत्या. "अरे वा, काका! सभासद व्हायचंय?" त्यांनी विचारलं. काकांच्या तोंडून "हो" निघून गेलं. ज्या माणसानं शाळा सुटल्यापासून पुस्तक उघडलं नव्हतं तो हातात जाडजूड कादंबरी घेऊन घरी आला. बायको बघतच राहिली.

दोन आठवड्यांनी पुस्तक परत करायला गेले, तेव्हाही तोंड उघडलं नाही. बाई म्हणाल्या, "कशी वाटली?" काका म्हणाले, "शेवट जरा घाईत उरकलाय." पहिली चार पानं सोडून त्यांनी काही वाचलं नव्हतं. बाईंना वाटलं, माणसाला वाचनाची खरी गोडी लागली. त्या आवर्जून त्यांच्यासाठी पुस्तकं काढून ठेवू लागल्या. प्रत्येक पुस्तकागणिक काका आणखी खाली जात होते. आधी एक लपवलं होतं, आता त्यावर हे दुसरं.

असे सात महिने गेले. एका दुपारी डॉक्टरांनी एका आजींना मागच्या खोलीत पाठवलं. तीन आठवड्यांपूर्वी काकांनीच केलेली कवळी होती. आजींची खालची हिरडी एका बाजूला सोलवटून निघाली होती.

"तुमचा काही दोष नाही हो," आजी म्हणाल्या. "माझ्याच हिरड्या मेल्या नाजूक. सवय होईल म्हणून दात खाऊन बसले होते, म्हणजे तुमचे दात खाऊन." आणि स्वतःच हसल्या.

काकांनी कवळी साच्यावर बसवून बघितली. उजवीकडची दाढ उंच बसली होती. त्यांच्याच हातून. त्यांनी ती घासली, चकचकीत केली, आजींच्या तोंडात बसवली. आजींनी दोनदा तोंड मिटून बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"आजी," काका म्हणाले, "हिरड्या ठणठणीत आहेत तुमच्या. चूक माझी होती. दाढ उंच बसवली होती मी."

आजींचं हसू मावळलं. "म्हणजे तीन आठवडे मी नुसतं सूप पीत होते ते तुमच्यापायी? आणि मी घरात सगळ्यांना सांगत सुटले की आता मला म्हातारीला काही चावायचं नाही!" पिशवी उचलून त्या रागारागानं निघून गेल्या. दारातून परत वळल्या आणि म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. पण राग आलाय मला."

काकांनी हात धुतले, समोरचं प्रमाणपत्र खिळ्यावरून काढून कपाटात उलटं ठेवलं, लेकीनं छापून दिलेला तो आलेखाचा कागद आणि परत करायचं पुस्तक घेतलं आणि तडक वाचनालय गाठलं.

खिडकीवर गर्दी नव्हती. काकांनी कागद पुढे सरकवला. "बाई, हे बघा. ही त्या दिवशीची माझी धाव. अर्ध्यापर्यंत मी तुम्हाला ठरल्यापेक्षा सहा मिनिटं लवकर नेलं. सव्वाचारचा झेंडा मला नजरेआड होऊ द्यायचा नव्हता, म्हणून. तुमच्यात दम होता. तो मी पहिल्या अर्ध्यातच संपवला."

बाईंनी चष्मा नीट केला. कागद त्यांनी वाचला तो एखादं फाटकं पान तपासावं तसा, वरून खाली, रांगेनं. बोटाखाली बारावा किलोमीटर आला तेव्हा थांबल्या.

"इथे त्या मुलानं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, पुढे चढ आहे."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

शेजारच्या टेबलावर कोणीतरी वर्तमानपत्र उलटलं.

"मी घरी सांगितलं की मला हे झेपत नाही," शेवटी त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्या वहिनीनं अशी मान हलवली, जसं काही तिला पहिल्यापासून माहीतच होतं. सात महिने मी ती मान डोळ्यांपुढे आणून झोपतेय. आणि तुम्ही दर पंधरा दिवसांनी इथे येऊन माझ्याकडून पुस्तकं नेत होता."

"मला धीर होत नव्हता."

"ती वाचलीत तरी का?"

"नाही."

बाईंनी त्यांच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं, परतीचा शिक्का दाणकन मारला आणि म्हणाल्या, "जा आता. मागे लोक उभे आहेत." मागे कोणीही नव्हतं.

काका तिथून आयोजकबाईंकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, यापुढे झेंडा घेणार नाही म्हणाले आणि त्या दिवशीच्या गटातल्या सगळ्यांना कळवायला हवं असंही म्हणाले. आयोजकबाई चक्रावल्या. "अहो काका, वेळ तर बरोबर आहे ना तुमची? कोणाची तक्रार नाही, काही नाही. आणि कुठल्या झेंड्यामागे कोण धावलं याची यादी कोण ठेवतं?"

यादी नव्हतीच. शर्यतीच्या फोटोंवरून छातीवरचे नंबर वाचत वाचत काकांनी सहा जण शोधून काढले. एकाला काही आठवतच नव्हतं. एक जण उलट काकांचीच समजूत घालत बसला. एकीनं ऐकून घेतलं आणि न बोलता फोन ठेवला. तो चष्मेवाला तरुण मात्र म्हणाला, "मला वाटलंच होतं काका. पण तुम्ही इतक्या खात्रीनं बोललात की मी माझ्या घड्याळावर अविश्वास दाखवला." हे वाक्य काकांना फोन ठेवलेल्या त्या बाईपेक्षा जास्त लागलं. बाकीचे सोळा जण कोण, कुठले, ते कधीच कळलं नाही. त्यांतल्या किती जणांनी घरी जाऊन शूज देऊन टाकले असतील, हा विचार काकांना आजही भलत्या वेळी गाठतो, हातात मेण असताना, जेवताना.

महिन्याभरानं, दुपारी, बाई काकांच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. प्लास्टरच्या जबड्यांकडे बघून जरा दचकल्या, मग सरळ आत आल्या.

"मला घड्याळ बघून धावायला शिकवा," त्या म्हणाल्या. "तुमच्यामागे मी धावणार नाही. कोणाच्याच मागे धावणार नाही. पण वेळ कसा सांभाळायचा ते तुम्हाला येतं. माझ्याबरोबरच तेवढं विसरलात."

"शिकवतो," काका म्हणाले.

"आणि मी माफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत."

नवीन शूज आले. आठवड्यातून तीन सकाळी बाई पुढे आणि काका दहा पावलं मागे. बाईंनी वेग ठरवायचा, बाईंनी चुकायचं, बाईंनीच घड्याळ बघून सुधारायचं. काकांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असा बाईंचा दंडक. कधी कधी पूर्ण तास दोघांत एक शब्द होत नसे. मैदानावरचे लोक म्हणत, यांचं भांडण आहे की काय? एकदा बाईंनी वळूनही न बघता विचारलं, "आता किती चाललंय माझं, न बघता सांगा." काका म्हणाले, "सहा-वीस." बाईंनी मनगट बघितलं. सहा-वीसच होतं. पुढच्या वळणावर त्यांच्या पाठीवरचा ताण थोडा सैल झाल्यासारखा काकांना वाटला.

त्या वर्षीच्या शर्यतीत काका धावले नाहीत. पस्तिसाव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलामागे उभे राहून पेले भरत होते. हवेनं दगा दिला. आठ वाजताच ऊन तापलं. बाई आल्या त्या लाल झालेल्या चेहऱ्यानं, पण पाय ठेक्यात होते. पाण्याचा पेला घेताना त्यांनी काकांकडे बघितलंही नाही, नजर मनगटावर.

काका टेबल सोडून आडरस्त्यानं शेवटच्या रेषेपाशी पोचले. चार तास एकतीस मिनिटं पन्नास सेकंद. दोन मिनिटांनी हुकलं.

बाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. धाप लागली होती, पण डोळे लखलखत होते. "चोविसाव्याला मी घाई केली," त्या म्हणाल्या. "स्वतःच केली. कळत होतं तरी केली. पुढच्या वर्षी नाही करणार."

काकांनी मान खाली घातली.

"तुमचं तोंड का उतरलंय? माझं चुकलंय, तुमचं नाही."

"गेल्या वर्षी हवा गार होती," काका म्हणाले. "गेल्या वर्षी तुमचं झालं असतं."

बाईंनी श्वास घेतला. जाऊ द्या, होतं असं, असं काहीतरी त्या म्हणतील असं काकांना क्षणभर वाटलं, आणि तशी आशा धरल्याची लाजही वाटली.

"हो," बाई म्हणाल्या. "झालं असतं."

मग त्यांनी एक पाय पुढे केला. "हा बूट सोडवा. मला वाकता येत नाही."

काका रस्त्यावर गुडघे टेकून बसले. नाडीची दुहेरी गाठ घामानं आणि पाण्यानं घट्ट बसली होती. तीस वर्षं बारीक काम केलेली त्यांची बोटं, पण गाठ सुटायला बराच वेळ लागला. बाई वरून घाई करत नव्हत्या.